विश्लेषण : बेडकासाठी हलले ऑलिम्पिकचे टेनिस कोर्ट! मैदान सुधारताना तिथले जीव कसे वाचवता येतात?

मैदानाचा ‘कायापालट’ होणार असल्याचा फलक लागला की त्यावर काय लिहिलेले असेल, हे आता शहरवासीयांना पाठ झाले आहे. उंच खांबांवर फ्लडलाइट, कृत्रिम हिरवळीचे टर्फ, पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, भोवती पक्की भिंत आणि पाणी साचू नये म्हणून गटार. खेळणाऱ्या मुलांना यातले बरेच काही हवे असते आणि ते मिळायलाही हवे. पण त्याच मैदानाच्या मोकळ्या कोपऱ्यात टिटवी अंडी घालते. पहिल्या पावसात भरणाऱ्या डबक्यात बेडूक जमतात. कडेच्या जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळा राहतो आणि संध्याकाळी वटवाघळे मैदानावरून किडे टिपत जातात. फलकावर त्यांचा उल्लेख नसतो, कारण कामाच्या अंदाजपत्रकातही तो नसतो.

असाच पेच ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात २००० च्या ऑलिम्पिकच्या तयारीत उभा राहिला होता. तिथे एका बेडकासाठी टेनिस संकुलाची जागा बदलावी लागली. त्या निर्णयाला तीन दशके होत आली, तरी त्यावरचे काम अजून संपलेले नाही. आपल्या गल्लीतील मैदानासाठी या प्रकरणातून काय घेण्यासारखे आहे?

सिडनीत नेमके काय घडले होते?

सिडनीच्या होमबुश बे भागात ऑलिम्पिक संकुल उभारायचे ठरले, तेव्हा ती जागा शहराचे परसदार म्हणावी अशी होती. सरकारी कत्तलखाना, नौदलाचे दारूगोळ्याचे कोठार, सरकारी वीटभट्टी आणि वर्षानुवर्षे टाकलेला घरगुती व औद्योगिक कचरा तिथे होता. ७६० हेक्टरच्या या परिसरातून सुमारे ९० लाख घनमीटर कचरा आणि दूषित माती उचलून बंदिस्त करावी लागली. सप्टेंबर १९९३ मध्ये सिडनीला यजमानपद मिळाले. ‘हरित ऑलिम्पिक’ हे सिडनीचे आश्वासन त्यात महत्त्वाचे ठरले होते.

वीटभट्टीसाठी माती आणि खडक काढून तयार झालेला एक प्रचंड खड्डा तिथे होता. १९११ मध्ये सुरू झालेली ही भट्टी मधला काही बंद काळ सोडला तर १९८८ पर्यंत चालली. आराखड्यात या जागेवर टेनिस संकुल दाखवले होते. कागदावर ते सोयीचेही होते, कारण खड्डा तयारच होता आणि स्टेडियमसाठी खोदकाम वाचणार होते. मात्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या खड्ड्यातील पाण्याच्या डबक्यांत ‘ग्रीन अँड गोल्डन बेल फ्रॉग’ या बेडकांची नांदती वसाहत आढळली. हा बेडूक न्यू साउथ वेल्स राज्यात तोवर धोक्यातील प्रजातींच्या यादीत गेला होता.

पुढे टेनिस संकुल त्याच परिसरात दुसऱ्या जागी बांधण्यात आले. लिअँडर पेस आणि महेश भूपती ऑलिम्पिकमध्ये खेळले ते या बदललेल्या जागेवरच्या कोर्टवर. गंमत अशी की हिरवा आणि सोनेरी हे ऑस्ट्रेलियाचे अधिकृत राष्ट्रीय रंग आहेत आणि देशाचे खेळाडू त्याच रंगांत मैदानात उतरतात. नेमके तेच दोन रंग या बेडकाच्या अंगावर आहेत.

दुर्मीळ बेडूक विटांच्या खड्ड्यात कसा?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ‘पडीक जागा म्हणजे रिकामी जागा’ हे आपल्याकडचेही गृहीतक आहे.

हा बेडूक एकेकाळी आग्नेय ऑस्ट्रेलियात इतका सर्रास सापडे की महाविद्यालयांत विच्छेदनासाठी त्याचा वापर होत असे. १९७० च्या दशकापासून त्याची संख्या झपाट्याने घसरली आणि पूर्वीच्या पट्ट्यातील बहुतांश भागातून तो नाहीसा झाला. जिथे तो टिकला, त्या जागांची यादी वाचली तर आश्चर्य वाटते. विटांच्या खाणी, बंदराजवळची औद्योगिक बेटे, कारखान्यांच्या मागची ओसाड जमीन. स्वच्छ, सुशोभित उद्याने त्यात फारशी नाहीत.

यामागे कारणे आहेत. या बेडकाला उथळ, संथ, उन्हात तापणारे पाणी लागते. आजूबाजूला पाणकणीस आणि लपायला दगडविटांचे ढीग लागतात. बहुतेक बेडकांसारखा तो फक्त रात्री बाहेर येत नाही, दिवसा ऊन खात बसतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे त्याला मासे नसलेले पाणी लागते. अधूनमधून आटणाऱ्या डबक्यात मासे टिकत नाहीत, त्यामुळे बेडकाची अंडी आणि शेपटीवाली पिल्ले (टॅडपोल) वाचतात. वीटभट्टीच्या खड्ड्यात हे सगळे कुणी न ठरवता जुळून आले होते. माणसाने जागा सोडून दिली आणि ती त्याच्या कामाची झाली.

त्याच्या आवाजाचे वर्णन तिथले अभ्यासक ‘गिअर बदलत जाणारी मोटारसायकल’ असे करतात. त्यामुळे सर्वेक्षणही सोपे होते: रात्री उभे राहायचे आणि ऐकायचे.

टेनिस कोर्ट हलवले, पुढे काय?

बातम्यांमधून ही गोष्ट बहुधा इथेच संपते. प्रत्यक्षात अवघड भाग इथून सुरू झाला.

बेडूक फक्त खड्ड्यात राहत नव्हता. प्रजननाच्या काळात तो रात्रीतून बरेच अंतर कापतो. एक तळे आटले की दुसरे शोधतो. म्हणजे खड्डा वाचवला आणि भोवती रस्ते, पार्किंग, स्टेडियम बांधले, तर बेडूक त्या खड्ड्यात कोंडला गेला असता किंवा गाड्यांखाली आला असता. म्हणून संकुलाच्या इतर भागांत त्याच्यासाठी नवी तळी खोदण्यात आली. नरावांग पाणथळ हा भाग त्यासाठीच घडवण्यात आला आणि तिथे वीसहून अधिक तळ्यांची साखळी आहे. रस्त्यांच्या कडेला बेडकांना रस्त्यावर येऊ न देणारी ठेंगणी कुंपणे लावली. रस्त्याखालून भुयारी वाटा ठेवल्या. कुंपण बेडकाला वळवते आणि भुयार त्याला पलीकडे नेते. समृद्धी महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी बांधलेल्या मार्गिकांची कल्पना हीच आहे, फक्त प्रवासी हाताच्या पंजाएवढा.

खड्ड्याचा खोल भाग पाणीसाठ्यासाठी वापरला जातो. संकुलात सांडपाणी आणि पावसाचे पाणी शुद्ध करून शौचालये आणि मैदानांच्या सिंचनासाठी पुरवण्याची यंत्रणा २००० पासून आहे आणि वीटभट्टीचा खड्डा त्या यंत्रणेची साठवण टाकी आहे. म्हणजे एकाच खड्ड्यात मैदानांना लागणारे पाणी आणि बेडकांची घरे दोन्ही आहेत. लोकांना खाली उतरण्याची मुभा नाही. त्यांच्यासाठी २००५ च्या सुमारास खड्ड्यावर गोलाकार पूल उभारला गेला. साडेअठरा मीटर उंचीवरून जाणाऱ्या या ५५० मीटरच्या वर्तुळावर चालता येते, बेडकांचे आवाज ऐकता येतात. पर्यटकांच्या चपला तळ्यापर्यंत जाऊ न देण्याचा हेतूही त्यातून साधतो, कारण चपलेच्या तळव्याला चिकटलेल्या चिखलातून बेडकांचा रोग पसरू शकतो.

नव्या तळ्यांची रचना करताना अभियंत्यांनी जी एक गोष्ट केली, ती साधी आहे पण तिच्यावर बरेच काही अवलंबून होते. ही तळी रिकामी करता येतात. साधारणपणे तळे बांधणारा पाणी कसे टिकेल हे पाहतो. इथे पाणी कसे काढून टाकता येईल हेही पाहिले गेले. कारण होते गॅम्बुसिया हा बोटभर लांबीचा मासा.

गॅम्बुसिया? तो तर डासांवरचा उपाय!

बरोबर. आपल्याकडे महापालिकांचे आरोग्य विभाग विहिरींत, कारंज्यांत, साचलेल्या पाण्यात गप्पी आणि गॅम्बुसिया मासे सोडतात. भारतात गॅम्बुसिया १९२८ मध्ये आणला गेला. ऑस्ट्रेलियातही तो त्याच सुमारास, १९२५ मध्ये, त्याच कामासाठी आला. डासांच्या अळ्या तो खातोच, पण बेडकाची अंडी आणि टॅडपोलही सोडत नाही. न्यू साउथ वेल्स सरकारने या माशाच्या शिकारीला स्थानिक जिवांसाठीचा मुख्य धोका म्हणून अधिकृतपणे नोंदवले आहे. तळ्यात तो एकदा शिरला की जाळ्याने पूर्ण निघत नाही. एखादी गाभण मादी राहिली तरी पुरे, कारण ती थेट पिल्लांना जन्म देते. तळे आटवून कोरडे करणे हाच खात्रीचा उपाय. त्यामुळे पाणी उपसण्याची सोय आणि उपसणाऱ्या माणसाचा पगार या दोन्ही गोष्टी या प्रकल्पाचा कायमचा भाग आहेत.

म्हणजे नवे तळे खोदले की काम झाले?

नाही, आणि याचा पुरावाही सिडनीतच आहे. शहराच्या उत्तरेला समुद्रकिनाऱ्यावर लाँग रीफ गोल्फ कोर्स आहे. तिथल्या तळ्यांत हाच बेडूक पुन्हा वसवण्याचा प्रयत्न झाला. प्राणिसंग्रहालयात वाढवलेली हजारो टॅडपोल सोडण्यात आली. तरीही वसाहत टिकली नाही. कायट्रिड या बुरशीने त्यांना गाठले. ही बुरशी बेडकाच्या त्वचेवर वाढते. बेडूक त्वचेतून पाणी आणि क्षार घेतो, ती यंत्रणा बिघडते आणि हृदय बंद पडून तो मरतो. जगभरातील बेडकांच्या ऱ्हासामागे ही बुरशी मोठे कारण मानली जाते.

‘इथले झाड तोडू, तिथे दहा लावू’ या आपल्या परिचित सूत्राची मर्यादा यात स्पष्ट दिसते. मूळ जागी काय जुळून आले होते, हे पूर्ण कळण्याआधीच ती जागा हलवली, तर नवीन जागी फक्त दिसणारा भाग उभा राहतो.

कायट्रिडवर २०२४ मध्ये एक विलक्षण साधा उपाय समोर आला. सिडनीतील मॅक्वायरी विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. भोके असलेल्या बांधकामाच्या विटा काळ्या रंगवून एकावर एक रचायच्या आणि त्यावर छोटे प्लास्टिकचे हरितगृह उभे करायचे. थंडीच्या दिवसांत हे विटांचे घर उन्हाने तापते. बेडूक आपणहून भोकांत जाऊन बसतो. कायट्रिडला थंडावा मानवतो, ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता सोसत नाही. ऊब मिळालेले बेडूक बरे झाले, इतकेच नव्हे तर पुढच्या लागणीला अधिक चांगले तोंड देऊ शकले. प्रयोगातला बेडूक होता हाच, ग्रीन अँड गोल्डन बेल फ्रॉग. ‘बेडकांचे सौना’ म्हणून ओळखली जाणारी ही घरे सिडनी ऑलिम्पिक पार्कमध्येही वापरून पाहण्यात आली आहेत. वीटभट्टीने वाचवलेल्या बेडकाच्या मदतीला पुन्हा विटाच आल्या, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या मैदानांवर सर्वाधिक फरक कशाने पडतो?

ऑलिम्पिकचे बजेट आपल्या वॉर्डाकडे नसते. पण वॉर्डातील मैदानावर होणारे बदल मोजकेच असतात आणि त्यातला सर्वात मोठा बदल दिव्यांचा असतो.

पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर पडणारा प्रकाश अर्ध्या लक्सपेक्षाही कमी असतो. स्थानिक पातळीवरच्या फुटबॉल सामन्यासाठी साधारण दोनशे लक्स प्रकाश लागतो. म्हणजे पौर्णिमेच्या कित्येक शे पट. हा प्रकाश फक्त मैदानावर पडला तर प्रश्न मर्यादित राहतो. तो कडेच्या झाडांवर, नाल्यावर, टेकडीच्या उतारावर सांडतो तेव्हा बिघडते. किडे दिव्याभोवती फिरून मरतात. काही जातींची वटवाघळे या किड्यांसाठी दिव्याजवळ येतात, तर झाडीत हळू उडणाऱ्या जाती उजेड टाळतात आणि त्यांचा रोजचा मार्गच तुटतो. सह्याद्रीच्या पट्ट्यात मे-जूनमध्ये चमकणाऱ्या काजव्यांची तर जोडीदार शोधण्याची भाषाच प्रकाशाची. शेजारी फ्लडलाइट पेटला की ते बोलणे ऐकू येणे बंद होते.

ब्रिटनमध्ये वटवाघळे आणि त्यांच्या वसतिस्थानांना कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे तिथे क्लबने फ्लडलाइटची परवानगी मागितली की बऱ्याचदा आधी वटवाघळांचे सर्वेक्षण करावे लागते. तिथल्या प्रकाश अभियंत्यांच्या संस्थेने वटवाघूळ संवर्धन संस्थेसोबत मार्गदर्शिका काढली आहे. निळसर पांढऱ्याऐवजी २७०० केल्विन किंवा त्याखालचा उबदार पिवळसर प्रकाश वापरावा, कडेची झाडी अंधारात ठेवावी, खेळ संपला की दिवे बंद व्हावेत, असा तिचा आशय आहे. खेळाच्या मैदानांवर सहसा ५००० केल्विनच्या वरचे एलईडी बसवले जातात, कारण त्यात चेंडू ठळक दिसतो. इथे खेळाची गरज आणि जिवांची गरज यांत खरोखर ओढाताण आहे. ती नाकारून उपयोग नाही. म्हणून रंगावर अडून बसण्याआधी दिशा आणि वेळ या दोन गोष्टी पकडाव्या लागतात.

दिशेबाबत एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. खांब ठेंगणा असेल तर मैदानाच्या मध्यापर्यंत उजेड पोहोचवण्यासाठी दिवा वर, म्हणजे आडवा, तिरका करावा लागतो. मग त्याचा झोत मैदान ओलांडून समोरच्या इमारतींच्या खिडक्यांत आणि झाडांत जातो. खांब उंच असेल तर दिवा खाली झुकवता येतो आणि प्रकाश आखलेल्या चौकटीत राहतो. त्यामुळे ‘खांब कमी उंचीचे ठेवा’ ही पर्यावरणप्रेमींची मागणी कधीकधी त्यांच्याच हेतूच्या विरोधात जाते. मागायला हवी ती काच जमिनीला समांतर ठेवणारी रचना, मागच्या बाजूला झाकण आणि मैदानाच्या सीमेबाहेर किती लक्स सांडेल याचा नकाशा. हा नकाशा पुरवठादार संगणकावर काढूनच दिवे निवडतात. तो निविदेत मागितला की मिळतो.

दुसरा बदल टर्फचा. कृत्रिम हिरवळीच्या पात्यांमध्ये भरलेले काळे दाणे बहुतेकदा जुन्या टायरच्या रबराचे असतात. पूर्ण आकाराच्या फुटबॉल मैदानात ते काही दशक टनांपासून शंभर टनांपर्यंत लागतात. बुटांतून, मोज्यांतून, पावसाच्या पाण्यातून ते गटारात आणि तिथून नदी-खाडीत जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर जे निर्बंध आणले, त्यात अशा दाण्यांच्या विक्रीला आठ वर्षांची मुदत देऊन ऑक्टोबर २०३१ पासून बंदी घातली आहे. आपल्याकडे आज बसवलेले टर्फ ज्या सुमारास बदलायला येईल, साधारण त्याच काळात युरोपात हे दाणे बाजारातून गेलेले असतील. नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा बुचाच्या सालीचे दाणे हे पर्याय आहेत. कोकणात काथ्याला तोटा नाही. टर्फखाली दाबून बसवलेल्या खडीत गांडूळ राहत नाही, त्यामुळे बगळे, साळुंक्या, टिटव्या यांना तिथे खायला काही उरत नाही. उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर तापू शकतो. तरीही मुंबईसारख्या शहरात चार महिने चिखल असलेल्या एकाच मैदानावर शेकडो मुलांना खेळायचे असेल, तर टर्फला सरसकट विरोध करणे सोपे नाही. संपूर्ण मैदान झाकायचे की एक भाग, हा प्रश्न मात्र विचारता येतो आणि तो सहसा विचारला जात नाही.

तिसरा बदल पाण्याचा. खेळपट्टीवर पाणी साचू नये हे ठीक, पण सीमारेषेबाहेरचा प्रत्येक खोलगट भाग मुरूम टाकून सपाट करण्याची गरज नसते. दोन-तीन महिन्यांत आटणारे पावसाळी डबके बेडकांसाठी पुरेसे असते. डासांची भीती रास्त आहे. मात्र अशा डबक्यात चतुराच्या अळ्याही वाढतात आणि त्या डासांच्या अळ्या खातात. तिथे गॅम्बुसिया सोडला, तर मात्र सिडनीचाच अनुभव पदरी येईल.

यासाठी फार खर्च येतो का?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात केप कोरल हे शहर आहे. तिथे जमिनीत बीळ करून राहणारी छोटी घुबडे मोठ्या संख्येने आहेत. रिकामे भूखंड, उद्याने, मुलांची बेसबॉलची मैदाने, कुठेही ती बीळ करतात. राज्याच्या यादीत ती धोक्यातील प्रजाती आहे, त्यामुळे बिळाला धक्का लावायचा तर परवानगी लागते. शहराने काढलेला तोडगा म्हणजे बिळाभोवती चार खुंट्या, त्यांना दोरी आणि घुबडाला बसायला इंग्रजी ‘टी’ आकाराची एक काठी. गवत कापणारे यंत्र खुंट्या पाहून वळते. स्वयंसेवक बिळांची मोजणी करतात. खेळ चालू राहतो.

टिटवीसाठी हे असेच्या असे करता येते. ती उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आडोशाला अंडी घालते. अंडी उबायला साधारण महिना लागतो आणि पिल्ले बाहेर आल्यानंतर काही तासांतच चालू लागतात, घरटे सोडतात. म्हणजे दोरी लावायची ती महिनाभरच.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना बांधकाम प्रकल्पांना लागू होते ती २० हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पुढे. मैदानावरचे दिवे, टर्फ, ट्रॅक, छोटी प्रेक्षागॅलरी हे सगळे सहसा त्याखाली राहते. झाड तोडायचे असेल तर १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायदा आडवा येतो आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले. त्यामुळे मैदानाच्या कामात झाडे मोजली जातात. डबके, माळ, गवत, ढोली आणि अंधार मोजण्याची जागा कोणत्याच अर्जात नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मात्र अनेकांना वाटतो त्यापेक्षा लांब पोहोचतो. त्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत संरक्षित पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नष्ट करणे, अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे हेही धरले आहे. रोलरखाली घरटे गेले तर ‘आम्हाला माहीतच नव्हते’ हे उत्तर मिळते, कारण आधी कुणी पाहिलेलेच नसते.

पाहण्याचे साधन कायद्यात आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी लागते. परिसरातील झाडे, पक्षी, प्राणी, पाणवठे यांची नोंद त्यात अपेक्षित आहे. ही नोंदवही नागरिक मागू शकतात. मैदानाच्या कामाचा आराखडा करण्याआधी कनिष्ठ अभियंत्याने ती उघडली पाहिजे असा नियम मात्र नाही. सिडनीत ही माहिती बांधकामाच्या आधी हातात आली, म्हणून टेनिस कोर्ट कागदावर हलवता आले. खांबाचा पाया भरल्यानंतर तीच माहिती मिळाली असती, तर तिचा उपयोग एखाद्या माहितीफलकापुरता झाला असता.

मग काम कधी काढावे?

इथे आपल्या व्यवस्थेतील एक अडचण आहे आणि तिचा पर्यावरणाशी वरवर काही संबंध दिसत नाही. निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा असतो, म्हणून कार्यादेश फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. पावसाआधी काम उरकायचे असते, म्हणून जेसीबी आणि रोलर एप्रिल-मेमध्ये मैदानात उतरतात. टिटवीचा विणीचा हंगाम मार्चमध्ये सुरू होऊन ऑगस्टपर्यंत चालतो आणि त्यातील कोरडे महिने नेमके हेच असतात. काजव्यांचेही तेच आठवडे. जमीन सपाट करण्याचे, भरावाचे काम ऑक्टोबर ते जानेवारीत काढले आणि उन्हाळ्यासाठी दिव्यांची वायरिंग, रंगकाम, जाळ्या ठेवल्या, तर खर्चात एका रुपयाचाही फरक पडत नाही. मात्र त्यासाठी निविदा जुलै-ऑगस्टमध्ये निघायला हवी, आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात कुणीतरी संध्याकाळी मैदानाला एक फेरी मारून काय काय दिसते ते लिहून ठेवलेले असायला हवे.